खुनी थिएटरात बसलेला असेल तर

'मेमरीज ऑफ मर्डर' या सिनेमाचा शेवटचा शॉट बोंग जून-हो या दिग्दर्शकानं एका माणसासाठी घेतलाय. तो माणूस कोण, हे तेव्हा दक्षिण कोरियात कुणालाच माहीत नव्हतं. नाव नाही, चेहरा नाही, जिवंत आहे की मेला तेही नाही. पण जिवंत असेल तर तो हा सिनेमा बघायला येणार, असं बोंगला वाटत होतं. स्वतःवर निघालेला सिनेमा कोण सोडेल?

शॉट असा आहे. वर्ष २००३. एके काळी या खुनांचा तपास करणारा, आता पोलिसाची नोकरी सोडून ज्यूसर विकणारा एक मध्यमवयीन माणूस कामावर जाता जाता वाटेत गाडी थांबवायला लावतो. पिवळ्याधमक भातशेतात उतरतो. सतरा वर्षांपूर्वी जिथं पहिलं प्रेत सापडलं होतं त्या मोरीपाशी वाकून आत बघतो. आत काहीच नाही. तिथून जाणारी एक शाळकरी मुलगी म्हणते, गंमत आहे, परवा आणखी एक काका असेच वाकून बघत होते. खूप वर्षांपूर्वी इथं काहीतरी केलं होतं, ते आठवलं म्हणून आलो, म्हणाले. हा विचारतो, दिसायला कसा होता? मुलगी म्हणते, साधाच. म्हणजे कसा? चारचौघांसारखा.

आणि मग तो मान वळवतो आणि थेट कॅमेऱ्यात बघतो. म्हणजे आपल्याकडे. म्हणजे, खुनी थिएटरात बसलेला असेल तर, त्याच्याकडे.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो पगारी वेळेत. तेव्हा मी एका हिंदी क्राइम मालिकेत रिसर्चचं काम करत होते. 'सत्य घटनांवर आधारित' असं सुरुवातीला येतं ना, त्यातलं 'सत्य' गोळा करून आणणारी पोरगी म्हणजे मी. वर्तमानपत्रांची कात्रणं, कोर्टाचा निकाल, मिळाली तर चार्जशीटची झेरॉक्स, पंचनामा, आणि जमलं तर घरच्यांशी बोलणं. हे सगळं बारा पानांत बसवून लेखकाला द्यायचं. लेखक त्याची चाळीस पानं करायचा, डिरेक्टर त्यातली पंधरा उडवायचा, आणि चार दिवसांत एपिसोड शूट व्हायचा. आमचे लेखक पन्नाशीचे होते, सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. कामाला लागून महिना झाल्यावर एका दुपारी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "हा बघ. मग आपण काय करतो आणि काय करत नाही ते कळेल."

तेव्हा मला एवढंच कळलं की आमच्याकडे पाऊस फार स्वच्छ पडतो.

सिनेमामागची घटना खरी आहे. सोलच्या दक्षिणेला ह्वासाँग नावाचा तेव्हा बराचसा ग्रामीण असलेला भाग. सप्टेंबर १९८६ ते १९९१ या काळात तिथं दहा बायका-मुलींचे खून झाले. वीस हजारांहून जास्त संशयितांची चौकशी झाली. खुनी सापडला नाही. यावर किम क्वांग-रिम यांनी १९९६मध्ये एक नाटक लिहिलं, आणि ते नाटक हाती घेऊन बोंग सिनेमाला बसला. त्याचा पहिला सिनेमा २०००मध्ये येऊन पडला होता. हा दुसरा. 'पॅरासाइट'चा ऑस्कर अजून वीस वर्षं लांब.

लिहिण्याआधी तो कित्येक महिने नुसता माणसांना भेटत राहिला. तपासातले पोलीस, वार्ताहर, त्या भागातले रहिवासी. मुलाखतींमध्ये त्यानं सांगितलंय की या काळात ज्याला भेटायची त्याला सगळ्यात जास्त इच्छा होती तो एकच माणूस भेटण्यासारखा नव्हता, तो म्हणजे खुनी. भेटलाच तर काय विचारायचं, त्या प्रश्नांची यादीही त्यानं करून ठेवली होती. हे वाचून मी हसले होते, कारण आमच्या कामाची पद्धतही तीच. ज्याच्याशी बोलता येणार नाही त्याच्यासाठीचे प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहिलेले असतात.

त्या महिन्यांतून काय मिळालं ते सिनेमात दिसतं. पोलीस हुशार नाहीत, दुष्ट राक्षसही नाहीत. ते दमलेले, खुळे आणि घाईत आहेत. सुरुवातीचा एक लांबलचक न तोडलेला शॉट घ्या. बांधाच्या खाली प्रेत सापडलंय. मुख्य डिटेक्टिव्ह मातीत उमटलेला बुटाचा ठसा जपायला सांगतोय, त्याच्याभोवती गोल आखतोय. मागे पोरं धावतायत, बघे जमलेत, साहेब बांधावरून घसरून पडतात. हा एकीकडे ओरडतोय, दुसरीकडे धावतोय, आणि तेवढ्यात एक ट्रॅक्टर सावकाश येतो आणि ठशावरून जातो. कॅमेरा एकदाही कट होत नाही. मधे कुठं कट असता तर चूक एका कुणाचीतरी वाटली असती. अखंड ठेवल्यामुळे ती सगळ्यांची होते, ट्रॅक्टरवाल्याचीसुद्धा, आणि त्या बिचाऱ्याला तर आपण काय केलं हेही माहीत नाही.

आमच्या मालिकेत घटनास्थळ म्हटलं की पिवळी पट्टी. कडक, इस्त्री केल्यासारखी. मी ज्या पंचनाम्यांची झेरॉक्स वाचली त्यातल्या एकाही ठिकाणी प्रेताभोवती पट्टी असावी असं वाटत नव्हतं. भोवती गाव असतं. पंच म्हणून शेजारचा किराणावाला असतो. कुणीतरी अंगावर चादर टाकलेली असते, आणि ती चादर कुणी टाकली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

सिनेमातली दुसरी जागा बोगद्याची. तपास हातातून गेलाय, पावसात रेल्वेच्या बोगद्यापाशी ते एका देखण्या, थंड चेहऱ्याच्या तरुणाला मारतायत, आणि डीएनएचा कागद म्हणतो की हा तो नव्हे. पोलिसाचं काम करणारा साँग कांग-हो त्या तरुणाचा चेहरा हातात धरतो, बराच वेळ डोळ्यांत बघतो, आणि म्हणतो, तो वेडावाकडा धागा इथं तुटतो, तर काय म्हणतो? तर जेवतोयस ना वेळेवर, अशा अर्थाचं काहीतरी.

ते वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. इथं काहीतरी हवंय, काय ते तू बघ, असं बोंगनं साँगवर सोडलं होतं, आणि साँगनं कॅमेऱ्यासमोर हे आणलं. कोरियन माणसं एकमेकांची विचारपूस करताना जेवलास का असंच विचारतात म्हणे. इंग्रजी सबटायटल लिहिणाऱ्यांची त्यावर भलतीच पंचाईत झालेली दिसते, प्रत्येक प्रतीत वेगळं काहीतरी. मराठीत मात्र काही अडत नाही. आपल्याकडे आजी फोनवर पहिलं तेच विचारते. आणि म्हणूनच ते वाक्य इतकं अंगावर येतं. समोरचा खुनी असेल तर त्याच्यातल्या माणसाला विचारलेला प्रश्न आहे: हे सगळं करून तुला घास जातो? आणि नसेल, तर आपण ज्याला इतकं मारलं त्या पोराची ही उशिरा केलेली विचारपूस आहे. दोन्हींपैकी काय, ते बोलणाऱ्यालाही माहीत नाही. हे लिहून येत नाही. चार महिने एखाद्या माणसाच्या अंगात राहिल्यावरच सुचतं.

सरांनी मला पुढं दुसरा सिनेमा दिला तो डेव्हिड फिंचरचा 'झोडिअ‍ॅक', २००७चा. तोही न सुटलेल्या केसवर. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १९६८-६९मध्ये खून करून वर्तमानपत्रांना सांकेतिक लिपीत पत्रं पाठवणारा माणूस. फिंचर तेव्हा त्याच भागातला शाळकरी मुलगा होता. खुन्यानं पत्रातून शाळेच्या बसवर हल्ला करायची धमकी दिली, तेव्हा मुलांच्या बसमागे पोलिसांची गाडी असायची, ही त्याची स्वतःची आठवण. मोठेपणी सिनेमा करायला घेतला तर त्यानं, लेखकानं आणि निर्मात्यानं मिळून दीड वर्ष फायली उकरल्या. वाचलेल्यांना भेटले, जुन्या पोलिसांना भेटले.

त्याच्या शूटिंगच्या गोष्टी इंटरनेटवर ढिगानं आहेत, आणि बऱ्याच जणांना त्या विक्षिप्तपणा म्हणून आवडतात. एका तळ्याकाठी हल्ला झाला होता. तिथली झाडं मधल्या काळात गेलेली, तर ओकची झाडं हेलिकॉप्टरनं आणून लावली. टॅक्सीवाल्याचा खून झाला तो चौक राहत्या वस्तीतला, तिथं रात्री शूटिंग जमणार नव्हतं, तर इमारती कॉम्प्युटरवर उभ्या केल्या. रक्तही कॉम्प्युटरवरच घातलं, कारण एकेक शॉट तो कितीही वेळा घ्यायचा आणि प्रत्येक वेळी कपडे बदलत बसायला वेळ नव्हता. हे सगळं मजेशीर आहे. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. डिसेंबर १९६८मधला, झोडिअ‍ॅकचा मानला जाणारा पहिला हल्ला सिनेमात दाखवलेलाच नाही. त्यातले दोघंही वाचले नाहीत. काय घडलं ते सांगायला कुणी नव्हतं. ज्याला साक्षीदार नाही ते दाखवायचं नाही, असा नियम फिंचरनं स्वतःला घालून घेतला होता. आणि जे हल्ले दाखवले त्यात खुनी म्हणून एकच नट नाही, वेगवेगळे आहेत. कारण ज्यांनी त्याला पाहिलं त्यांनी सांगितलेली वर्णनं एकमेकांशी जुळत नव्हती.

हेलिकॉप्टरचे पैसे आमच्याकडे नव्हते. पण हा नियम फुकट होता.

त्याच सुमारास आमच्याकडे एक केस आली. कुठली, कुठल्या जिल्ह्यातली, हे सांगणार नाही, आणि ओळखू येईल असं काही लिहिणारही नाही. एक बाई. घरी एकटी. दुपारची वेळ. आरोपीला शिक्षा झालेली होती, त्यामुळे चॅनलच्या वकिलांची हरकत नव्हती. मी कागद घेऊन तिच्या माहेरी गेले. आईनं आधी पाणी दिलं, मग कुठून आलीस, एकटीच आलीस का, जेवण झालंय का, हे सगळं विचारलं, आणि मग उठून आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. बोलला तो भाऊ. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. फोटो दाखवले, शाळेतलं बक्षीस दाखवलं. कोण काम करणार तिचं, हेही विचारलं. मी म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही. निघताना फाटकापर्यंत आला आणि म्हणाला,

"ताई, एक सांगू का? तिनं दार उघडलं असं तेवढं दाखवू नका."

मला लगेच कळलं नाही.

"पेपरात तसंच आलं होतं. दार फोडलेलं नव्हतं, म्हणजे तिनंच उघडलं. सगळं गाव अजून तेच म्हणतं. ओळखीचा असल्याशिवाय उघडेल कशी. ती अनोळखी माणसाला दार उघडायची नाही ताई. आम्ही आलो तरी खिडकीतून बघून उघडायची."

परतीच्या एसटीत मी पंचनामा पुन्हा काढून वाचला. त्यात होतं ते एवढंच: दाराच्या कडी-कोयंड्यास जोर लावल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. बस. दार उघडं होतं का, मागचं दार होतं का, कपडे वाळत घालायला ती बाहेर गेली होती का, काही नाही. 'तिनं दार उघडलं' हे वाक्य पंचनाम्यात नव्हतंच. ते वार्ताहरानं लिहिलं होतं, त्यावरून गावानं धरलं होतं, आणि आमच्या लेखकाच्या स्क्रिप्टमध्येही सीन नंबर चार म्हणून आलेलं होतं: बेल वाजते, ती हसत दार उघडते. हसत का? तर पुढच्या धक्क्यासाठी हसणं बरं पडतं.

मी सरांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग डिरेक्टरला फोन लावला. डिरेक्टर म्हणाला, दार न दाखवता सीन कसा सुरू करणार? सर म्हणाले, दार बंदच राहू दे, आपण बाहेर थांबू. फिंचरबिंचर काही म्हणाले नाहीत, ते म्हटलं असतं तर उलटच झालं असतं. एवढंच म्हणाले की आतला सेट अर्धाच लावावा लागेल. डिरेक्टरला ते पटलं. तो सीन शूट झाला तेव्हा मी सेटवर होते. बंद दार, बाहेर वाळत घातलेली साडी, शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या. पुढचं काहीच नाही. आर्ट डिपार्टमेंटचा मुलगा तीन वेळा साडी ओली करून आणत होता, कारण लाइटमध्ये ती पटकन सुकायची. एवढंच आमचं हेलिकॉप्टर.

एपिसोड लागल्यावर भावाचा मेसेज आला. त्यात फक्त 'पाहिला' असं लिहिलं होतं. त्यातून काय घ्यायचं ते मी आजही घेऊ शकलेले नाही.

खऱ्या जागी जाऊन शूटिंग करण्याबद्दल माझं मत तेव्हापासून बिघडलंय. 'इन कोल्ड ब्लड' हा १९६७चा सिनेमा कॅमेऱ्याच्या कामासाठी शिकवला जातो, आणि शिकवावा असाच आहे. १९५९मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये क्लटर कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. ट्रुमन कपोटीनं त्यावर पुस्तक लिहिलं आणि रिचर्ड ब्रूक्सनं सिनेमा केला. तो केला त्याच घरात. ज्या खोल्यांत ती माणसं मेली त्याच खोल्यांत, आठ वर्षांनंतर. कोर्टातल्या ज्यूरीमध्ये खऱ्या खटल्यातले काही ज्यूरर बसवले. फाशीच्या आधीचा एक प्रसिद्ध शॉट आहे: खुनी खिडकीपाशी उभा राहून वडिलांबद्दल बोलतोय, बाहेर पाऊस, आणि काचेवरच्या ओघळांची सावली त्याच्या गालांवर पडते. तो रडत नाही, पण चेहऱ्यावरून पाणी वाहतंय. कॅमेरामन कॉनरॅड हॉल यांना ते लाइटिंग करता करता योगायोगानं दिसलं, आणि त्यांनी ते सोडलं नाही. काय सुंदर शॉट आहे! आणि तो मिळाला खुन्याला. क्लटर कुटुंबाच्या वाट्याला त्यांचं स्वतःचं घर आलं, लोकेशन म्हणून.

हे म्हणायला सोपं आहे, याची मला कल्पना आहे. खुन्याला संवाद असतात, भूतकाळ असतो, चांगला नट असतो. मेलेल्याला दोन सीन असतात, त्यातल्या एकात तो जेवत असतो. हा सगळ्याच क्राइम सिनेमांचा हिशोब आहे, आमच्या मालिकेचाही होताच.

माझी आई पुण्याची. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आणि करणारे कॉलेजातले पाच पोरगे. त्यातल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात फाशी झाली, पाचवा माफीचा साक्षीदार झाला होता. 'माफीचा साक्षीदार' नावाचाच सिनेमा १९८६मध्ये आला, त्यात नाना पाटेकर होता. आईनं तो आजतागायत पाहिलेला नाही. टीव्हीवर लागला तरी उठून जाते. मी एकदा विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, भीती नाही गं, मला संध्याकाळी आपल्या वाड्यात एकामागोमाग एक कड्या लागायच्या तो आवाज आठवतो. तो सिनेमात असणार नाही, आणि नसला तर मला राग येईल.

आपल्याकडे या प्रकारात सगळ्यात लांब थांबलेला सिनेमा म्हणजे अनुराग कश्यपचा 'ब्लॅक फ्रायडे'. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, हुसेन झैदींच्या पुस्तकावरून केलेला. मुंबईच्या गर्दीत, खऱ्या गल्ल्यांमध्ये शूट झालेला. त्यातला पाठलाग एकदा तरी बघा. पोलीस आणि पळणारा दोघंही दमतात, थांबतात, धापा टाकतात, पुन्हा चालू लागतात. सिनेमा २००४मध्ये तयार होता. पण खटल्याचा निकाल लागलेला नव्हता, आरोपी कोर्टात गेले, आणि मुंबई हायकोर्टानं प्रदर्शनावर स्थगिती दिली. तो लागला ९ फेब्रुवारी २००७ला. आमच्या ऑफिसात ही गोष्ट सेन्सॉरच्या, गळचेपीच्या गोष्टींमध्ये सांगितली जायची, आणि दोन-तीन वर्षं डबे पडून राहणं काय असतं हे ज्याचं त्याला ठाऊक. तरीपण मला आता वाटतं की कोर्टात गेलेल्यांचा मुद्दा साधा होता. निकाल न्यायाधीश देणार, तो देण्याआधी तुम्ही पडद्यावर देऊ नका. पडद्यावर एकदा चेहरा बघितला की तो पुसता येत नाही. त्या गावाला जसं दार पुसता आलं नाही.

आता परत ह्वासाँगला यावं लागेल, कारण ती गोष्ट संपली नव्हती.

सिनेमा २००३मध्ये लागला, पन्नास लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला. दहा वर्षांनी, २०१३मध्ये, त्याच्या दशकपूर्तीच्या कार्यक्रमात बोंगनं प्रेक्षकांसमोर बोलून दाखवलं की खुनी आज या सभागृहातही असू शकतो. मग सप्टेंबर २०१९मध्ये जुन्या पुराव्यांवरचा डीएनए एका माणसाशी जुळला. ली चून-जे. तो सभागृहात नव्हता. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४पासून अटकेत, मग जन्मठेपेत होता. म्हणजे शेवटचा तो शॉट घेतला गेला तेव्हा ज्याच्यासाठी घेतला तो थिएटरात येऊच शकत नव्हता. त्यानं एकूण चौदा खून कबूल केले. त्या दहांपैकी कशासाठीही त्याच्यावर खटला चालणार नव्हता, कारण कायद्यातली मुदत उलटून गेली होती.

पण सिनेमा त्यानं पाहिला होता. तुरुंगात. नोव्हेंबर २०२०मध्ये कोर्टात साक्षीदार म्हणून उभा राहिल्यावर त्यानंच सांगितलं. एक सिनेमा म्हणून बघितला, विशेष काही वाटलं नाही, असं.

ही बातमी मी लोकलमध्ये फोनवर वाचली, आणि मला खरंच हसू आलं. जगातल्या सगळ्या फिल्म स्कूलमध्ये ज्या नजरेबद्दल बोललं जातं ती नजर जिथं पोहोचायची तिथं बरोबर पोहोचली होती, आणि तिथं कुणी घरी नव्हतं.

तो साक्ष द्यायला कशासाठी आला होता, हे मात्र मी बातमीच्या शेवटी वाचलं. दहांपैकी आठवा खून १९८८चा, तेरा वर्षांच्या मुलीचा, तिच्या घरात झालेला. ती केस पोलिसांनी 'सोडवली' होती. इतर खुनांची नक्कल करून दुसऱ्याच कुणीतरी केलेला खून, असं म्हणून १९८९मध्ये एका बावीस वर्षांच्या तरुणाला पकडलं होतं. शेतीची यंत्रं दुरुस्त करणारा, लहानपणी पोलिओ झाल्यानं पाय अधू असलेला. त्याला झोपू दिलं नाही, मारलं, आणि त्यानं कबुली दिली. पुराव्यात एका केसाची प्रयोगशाळेतली तपासणी होती, ती चुकीची निघाली, पण तीस वर्षांनी. जन्मठेप झाली, पुढं ती वीस वर्षांवर आली, आणि २००९मध्ये तो पॅरोलवर सुटला. आठवा खूनही आपणच केला असं लीनं सांगितल्यावर फेरखटला उभा राहिला. १७ डिसेंबर २०२०ला कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं आणि त्याची माफी मागितली.

मी त्या रात्री 'मेमरीज ऑफ मर्डर' परत लावला. त्यात आधीच्या एका संशयिताचा भाग आहे. भाजल्याचे व्रण असलेला, मतिमंद पोरगा. पोलीस त्याला तळघरात नेतात. त्यातला एक जण लाथा मारताना बुटाला कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. त्या पोराच्या बुटाचा ठसा मातीत उमटवून पुरावा तयार करतात. मग दया येते म्हणून त्याला बूट भेट देतात, 'नाइकी'च्या नकलेचे, त्यावर लिहिलेलं असतं 'नाइस'. आणि सगळे मिळून, मारणारे आणि मार खाणारा, काळ्या रश्श्यातल्या नूडल्स खात टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात. शीर्षकगीत लागलं की सगळे एकदम खुशीत येतात.

हा सीन ऑफिसात पहिल्यांदा बघताना आम्ही सगळेच खोखो हसलो होतो, कारण मालिका म्हणजे आम्हीच. बोंगनं तो हसण्यासाठीच केलाय, आणि हसू विरेल अशा जागी नेऊन सोडलंय. ज्यांना भेटून त्यानं हे लिहिलं त्या पोलिसांकडूनच त्याला तळघराचा वास मिळाला असणार. त्यानं जे दाखवलं ते खरं होतं, इतकं की सिनेमातल्या पोराचा आणि खऱ्या तरुणाचा प्रसंग एकमेकांवर ठेवले तर कडा जुळतात. अधू शरीर, कबुली, खोटा पुरावा, केसावरून काढलेले शहाणे निष्कर्ष. पन्नास लाख लोकांनी ते बघितलं, हळहळले, पोलिसांच्या नावानं बोटं मोडली. आठवी केस कुणी उघडायला सांगितली नाही. ती सुटलेली होती.

तेव्हापासून शेवटचा शॉट बघताना मला त्या दुकानदार झालेल्या डिटेक्टिव्हची नजर खुन्याला शोधतेय असं वाटत नाही. साँग कांग-होच्या चेहऱ्यावर त्या शॉटमध्ये खूप काही चाललेलं असतं. डोळे भरून येतायत की रागानं ताणले जातायत, सांगता येत नाही. तो ज्यांना तळघरात नेऊन आला होता त्यांच्यापैकी कुणी थिएटरात बसलं असेल, तर त्याला ही नजर कशी दिसली असेल?

ज्याला खरंच नेलं होतं तो २००३मध्ये थिएटरात नव्हता. त्याचं तुरुंगातलं ते चौदावं वर्ष होतं, आणि सुटायला अजून सहा वर्षं होती.